पोरीला घेऊन निघा

अठराव्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंत मी मुंबईत एका बॅलेच्या पथकात नाचत होते. साताऱ्यात हे कुणाला सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरे झगे घालून पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहणाऱ्या गोऱ्या बायका यायच्या. आमचं तसं नव्हतं. आमचा बॅले देशी होता. तीस माणसं, ढोल, बासरी, मुखवटे, एखादी गोष्ट, आणि दोन तास तोंडातून शब्द काढायचा नाही. जे सांगायचं ते अंगाने. एकतिसाव्या वर्षी उजवा गुडघा गेला आणि मी घरी बसले. पुढे नवऱ्याची पाटबंधारे खात्यात साताऱ्याला बदली झाली आणि आम्ही तिथलेच होऊन गेलो.

साताऱ्यात एका मुलींच्या शाळेचा हॉल मला संध्याकाळी दोन तास मिळायचा. तिथे मी वर्ग घेत असे. येणाऱ्या मुली बहुतेक कारकुनांच्या, शिक्षकांच्या. बऱ्याच जणी वर्षभर यायच्या, शाळेच्या गॅदरिंगला एक नाच बसवून घ्यायच्या आणि दहावी जवळ आली की थांबायच्या. त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

ही मुलगी आली तेव्हा पाचवीत होती. कोरेगावच्या पुढचं एक गाव, तिथून एसटीने यायची. पहिल्या दिवशी तिला वडील घेऊन आले. लष्करात हवालदार होते, सुट्टीवर आले होते. हॉलबाहेरच्या बाकावर दोन तास पाठ न टेकता बसून राहिले. वर्ग सुटल्यावर मला म्हणाले, "बाई, हिचं पाय कवा थांबत न्हाईत. घरात भाकरी थापतानाबी थांबत न्हाईत. जरा वळण लावा."

त्यांच्या गावात हे कुणाला पटलेलं नव्हतं. मुलगी नाचायला घातली म्हणजे काय, हे तिकडे वेगळ्या अर्थाने विचारलं जातं. मुलीची आई सुरुवातीला माझ्याशी बोलायचीच नाही. भावकीतले लोक हवालदारांना पारावर टोकायचे. ते म्हणायचे, नाचणं न्हाई ते, शिक्षण हाय. छावणीत कुठेतरी अधिकाऱ्यांच्या मुलींचा कार्यक्रम त्यांनी पाहिला होता आणि आपली मुलगी तशी उभी राहावी असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सुट्टीत आले की स्वतः तिला घेऊन यायचे. नसले की धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा चुलता, तिला स्टँडवर आणून सोडायचा.

चार वर्षांत ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी झाली. हे मी आता म्हणते, तेव्हाही मनात म्हणत होते. आम्ही पथकात तीस जण होतो, त्यांतल्या दोघा-तिघांच्या अंगात होतं ते तिच्या अंगात होतं. माझ्यात ते नव्हतं. मी मागच्या रांगेत नाचले.

आमच्या पथकात जी पुढच्या रांगेत मधोमध असायची, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ती लग्न करून सांगलीला आली होती. तिच्या घरच्यांचा गावात मान होता, आणि तिने बॅलेच्या दिवसांतल्या परदेशातल्या ओळखी पत्रं लिहून लिहून जपल्या होत्या. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तिने सांगलीत लहान वयाच्या नर्तकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवायचं ठरवलं. लोक हसले. पण नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस इथून मुलं आली, आणि दोन मुलं रशियातून आली. परीक्षक बाहेरचे होते. ताई, मी आणि आमच्या पथकात ढोल वाजवणारे, नंतर स्वतः नाचलेले मास्तर, असे तिघे मार्गदर्शक होतो. मुलांची तयारी करून घ्यायची, त्यांना रंगमंच समजावून द्यायचा, कोण कुणानंतर येणार ते ठरवायचं, ही आमची कामं. पहिल्या येणाऱ्याला परदेशातल्या नृत्यशाळेत एक वर्ष शिकायला मिळणार होतं. राहण्याखाण्याची सोय शाळाच करणार होती.

स्पर्धेसाठी हवालदारांच्या मुलीने, माझ्या मुलीने, घायपाताचा दोर वळणारी बाई बसवली होती. कल्पना तिचीच. गावात तिने ते काम लहानपणापासून पाहिलं होतं. वाखाचे, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचे, पेळू मांडीवर घासायचे, पीळ द्यायचा, मागे मागे सरकत जायचं. हातात काहीच नसताना तो दोर दिसायला हवा, एवढंच मी तिला सांगत राहिले. साथीला फक्त मास्तरांचा ढोल. सहा मिनिटांचा नाच होता आणि त्यावर आम्ही आठ महिने घालवले होते.

जानेवारीतल्या एका बुधवारी मी तिला घेऊन सांगलीला गेले. मुलं एका मंगल कार्यालयात उतरली होती. परदेशी मुलांना आपलं तिखट चालेना, म्हणून त्यांच्यासाठी दहीभात आणि केळी. आमची मुलगी त्यांच्यात लगेच मिसळली. भाषा येत नव्हती, पण ती नेपाळच्या मुलींना फुगडी शिकवत होती आणि त्या तिला वेणीत रंगीत दोरे गुंफायला शिकवत होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत ती वर राहिली. शनिवारी संध्याकाळी ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली, तुझी पोरगी आणि तो रशियन मुलगा, या दोघांतच आहे आता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंदानेच.

रविवारी शेवटची फेरी. सकाळी दहाला सुरू होणार होती, तिची पाळी बाराच्या सुमारास. आम्ही सातलाच नाट्यगृहात गेलो. मुलं रंगमंचावर अंग मोकळं करत होती. साडेसातला ऑफिसमधल्या माणसाने मला हाक मारली. पुण्याहून फोन आहे म्हणाला.

फोनवर मुलीचा चुलता होता. कुठल्याशा एसटीडी बूथवरून बोलत होता, मागे गाड्यांचा आवाज. त्याने एका दमात सांगितलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काश्मीरकडे हवालदारांची गाडी दरीत गेली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. पोटाला मार होता. तिकडच्या इस्पितळात होते, गुरुवारी विमानाने पुण्याला लष्कराच्या दवाखान्यात आणलं होतं. आम्ही सांगलीला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि घरी कळलं तेही तेव्हाच. मुलीची आई आणि चुलता तेव्हापासून तिथेच होते. मुलीला कळवू नका, तिची स्पर्धा हाय, असं हवालदारांनी स्वतःच बजावलं होतं. पण काल रात्रीपासून ताप चढला होता.

"बाई, डॉक्टर म्हणाले जवळच्या माणसांस्नी बोलवा," तो म्हणाला. "दादा सारखा तिलाच इचारतोय. आता काय स्पर्धाबिर्धा न्हाई. पोरीला घिऊन निघा तुमी."

मी म्हटलं, "निघतो आम्ही."

फोन ठेवताना माझ्या मनात निघायचंच होतं. हे मी स्वतःच्या सोयीसाठी सांगत नाही. मी ऑफिसातून बाहेर आले, बाजूच्या दारातून रंगमंचावर गेले. ती घोट्याला फडकं गुंडाळत बसली होती. मी तिच्यापर्यंत गेले, थांबले, आणि घोट्याचं फडकं सैल आहे, नीट बांध, असं सांगून पुढे गेले. मागच्या व्हरांड्यात ताई आणि मास्तर पाळ्यांची यादी बघत होते. त्यांना सांगितलं.

मास्तर लगेच म्हणाले, जीप बाहेर उभीच आहे, मी ड्रायव्हरला उठवतो.

ताईने त्यांना थांबवलं. ती चिडली नाही, ओरडली नाही. तिने मला विचारलं, जीव जाईल असं म्हणाले का डॉक्टर? मी म्हटलं, तसं नाही म्हणाले, बोलवा म्हणाले. मग ती म्हणाली, बोलवा तर ते नेहमीच म्हणतात. बापाने स्वतःच कळवू नका म्हणून सांगितलं होतं ना? चार दिवस कळ काढली त्याने. आता चार तासांसाठी त्याचीच इच्छा मोडायची?

मी म्हटलं, तिची पाळी पहिली घेऊ. दहाला नाचेल, साडेदहाला निघू. ताई म्हणाली, परीक्षक यादी घेऊन बसलेत, बाहेरच्या मुलांचे शिक्षक बसलेत, यजमानांनी आपल्या मुलीसाठी पाळी बदलली असं झालं तर स्पर्धाच राहणार नाही. हेही खरं होतं. तिचं प्रत्येक वाक्य वेगळं घेतलं तर खरंच होतं.

"सांगून टाका तिला," मास्तर म्हणाले. "बाप आहे तिचा. नाचायचं की जायचं ते तिला ठरवू द्या."

"चौदा वर्षांच्या पोरीवर ते टाकायचं?" ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या आईच्या वेळची तार आठवते ना तुला?"

आठवत होती. कानपूरच्या दौऱ्यात माझी आई गेल्याची तार दुपारी आली होती आणि आमच्या दिग्दर्शकांनी ती पडदा पडल्यावर माझ्या हातात दिली होती. मी त्या दिवशी दोन तास नाचले होते, काही माहीत नसताना. तेव्हा मी त्यांच्यावर रागावले नाही. आई गेलेलीच होती. उलट कलेपुढे माणसाने कसं असावं याचा नमुना म्हणून ती गोष्ट मी पुढे कित्येकांना सांगितली, वर्गातल्या मुलींनाही. पण माझी आई गेली होती आणि हवालदार अजून होते, हा फरक त्या व्हरांड्यात माझ्या लक्षात आला नाही असं मी म्हणू शकत नाही. आला. मी बोलले नाही.

मला ती परदेशातली शाळा दिसत होती. पुढच्या रांगेत मधोमध उभी असलेली माझी मुलगी दिसत होती. मी गप्प राहिले आणि ताईने ते होकार म्हणून घेतलं, कारण तो होकारच होता. त्यानंतर मास्तरही काही बोलले नाहीत. तिच्या साथीला त्यांनाच बसायचं होतं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना ती रंगमंचावर गेली. मी विंगेत उभी होते. पहिलं मिनिट मला आठवत नाही. नंतर ती मागे सरकू लागली आणि तिच्या हातांत दोर दिसायला लागला. खरंच दिसला. त्याचा पीळ दिसला, ओढ दिसली. नेपाळच्या मुली माझ्या शेजारी श्वास रोखून उभ्या होत्या. त्या सहा मिनिटांत मी तिच्या बापाला साफ विसरले. या सगळ्यात मला स्वतःची सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची.

टाळ्या थांबायच्या आत मी तिला मेकअपच्या खोलीत नेलं. खोबरेल तेलाने तिचा रंग पुसत पुसत सांगितलं की बाबांना अपघात झालाय, पुण्याला आणलंय, आपल्याला निघायला हवं. तिने एवढंच विचारलं, "फोन कधी आला?"

"आत्ता," मी म्हटलं. "तू नाचत होतीस तेव्हा."

निकालासाठी थांबा, असं ताईने सुचवून पाहिलं. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. एक वाजता आम्ही निघालो. ड्रायव्हर, मी आणि ती. जीप वाटेत कुठेही बंद पडली नाही. इस्लामपूर, कराड, सातारा. साताऱ्यावरून जाताना ती खिडकीतून आपल्या एसटी स्टँडकडच्या रस्त्याकडे बघत होती. खंबाटकी उतरून शिरवळला ड्रायव्हरने डिझेल घेतलं आणि चहा विचारला. ती नको म्हणाली. कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेत तिचा रंग थोडा राहिला होता. मी रुमाल ओला करून पुसायला गेले तर तिने डोकं मागे घेतलं. सहा तासांत ती रडली नाही, आणि काय झालंय, कसं झालंय, हेही तिने विचारलं नाही. घाबरली असेल असं मी धरून चालले.

सात वाजता आम्ही पोचलो. हवालदार चारला गेले होते. आठ वाजता सांगलीहून निघालो असतो तर दोनला पोचलो असतो.

लांब व्हरांड्यात एका बाकावर मुलीची आई बसली होती. चुलता आम्हाला बघून उठला. त्याच्या चेहऱ्यावरून मुलीला कळलं, कुणाला सांगावं लागलं नाही. तो भिंतीला हात लावून मला सांगत राहिला, जणू मला हिशोब द्यायचा होता. "सारखा दाराकडं बघत हुता. मी म्हणलं, निघालीय दादा, येतीय. दोनच्या म्होरं बघायचाबी थांबला."

मग तिच्या आईने मान वर केली. "सकाळीच निघाला हुतासा न्हवं बाई? मग येवढा उशीर कशानं?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

"जीप बंद पडली," मी म्हटलं. "कराडच्या अलीकडे. पार्ट मिळेना."

मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. सबंध रस्ता ती माझ्याबरोबर जीपमध्ये होती. जीप बंद पडली नव्हती हे तिला माहीत होतं. आणि आता, तिची आई सकाळ म्हणाली त्यावरून, फोन नाच चालू असताना आला नव्हता हेही तिला कळलं असणार. तिने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की ती बोलेल. ती आईजवळ गेली, तिच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गावात अंत्यविधी झाला. जवानांची तुकडी आली होती, बंदुकांची सलामी झाली. मी बायकांमध्ये मागे उभी होते. माझ्या पुढे दोघी हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, पोरगी सांगलीला नाचाय गेली हुती म्हणं, बापाची गाठ न्हाई पडली. दुसरी म्हणाली, बापानंच लाडावली. आता भोगा. ते आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेलं. मुलीलाही गेलं असेल, ती फार लांब नव्हती. मी तिथे पुढे होऊन बोलायला हवं होतं की गाठ पडली नाही ती माझ्यामुळे. मी साताऱ्याची बस धरली.

स्पर्धेत ती तिसरी आली. रशियन मुलगा पहिला, कोलंबोची एक मुलगी दुसरी. परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद ताईने मला पोस्टाने पाठवला. एका परीक्षकाने लिहिलं होतं की तिसऱ्या क्रमांकाची मुलगी असामान्य आहे, पण पहिलं मिनिटभर ती भेदरलेली वाटली, त्यात तिचे गुण गेले. तो कागद मी दोन-तीनदा वाचला. मी विंगेत उभी होते, मला ती भेदरलेली दिसली नव्हती.

ती पुन्हा वर्गाला आली नाही. मीही बोलवायला गेले नाही. मी वर्ग चालू ठेवला, कारण बंद करायचा तर लोकांना कारण सांगावं लागलं असतं.

तीन-साडेतीन वर्षं अशीच गेली. एकदा एका लग्नासाठी कोरेगावला गेले होते, सोमवार होता, बाजार भरला होता. घेवड्याची पोती पुढे ठेवून मुलीची आई बसली होती. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. तिने मला जवळ बसवून घेतलं, चहा मागवला, गुडघा कसा आहे विचारलं. मुलगी बारावी झाली, आता साताऱ्यात डी.एड. करते, वसतिगृहात राहते, असं सांगितलं. मग मी नको नको म्हणत असताना तिने माझ्या पिशवीत घेवडा भरला. म्हणाली, "तुमी तवा तिच्यासंगं आलासा, लय झालं बाई. त्या जीपवाल्यानं घात केला. माज्या मनातनं त्यो जात न्हाई. गाडी नीट ठेवाय नगं का मानसानं?"

मी घेवडा घेऊन लग्नाला गेले. जेवायला बसले आणि तशीच उठले.

त्याच आठवड्यात मी वसतिगृहावर गेले. मुलीला खाली बोलावून घेतलं, अंगणातल्या बाकावर बसलो. उंच झाली होती, वडिलांसारखी ताठ बसली होती. मी ठरवून गेले होते, त्यामुळे लगेच सांगितलं. फोन साडेसातला आला होता. तुझ्या पाळीच्या आधी साडेचार तास. तुला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. ताईने सुचवलं, पण मी अडवलं नाही.

ती ऐकत होती. तिच्या मांडीवर चार्ट पेपरची गुंडाळी होती, ती तिने बाजूला ठेवली.

"मला माहिती होतं बाई," ती म्हणाली.

मला वाटलं, आईच्या बोलण्यावरून तेव्हा कळलं ते ती म्हणतेय. तसं मी म्हटलंही.

"न्हाई. सकाळीच. तुम्ही ऑफिसातनं आलात, तेव्हा माझ्या पायाकडं बघितलंत. फडकं सैल हाय म्हणालात. तोंडाकडं बघितलं न्हाईत. फडकं सैल नव्हतं. फोन पुण्याहून आलाय एवढं मला ऐकू आलेलं. पुण्याला आमचं कोण न्हाई, लष्कराचा मोठा दवाखाना तेवढा हाय. म्हणजे बाबांचंच काहीतरी असणार. मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?"

मी विचार करून म्हटलं, "हो. तू विचारलं असतंस तर खोटं बोलता आलं नसतं."

"तेच. म्हणून विचारलं न्हाई," ती म्हणाली. "मलाबी नाचायचं होतं."

ती रडत नव्हती. इतकी वर्षं स्वतःशी म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं वाक्य असावं तसं तिने ते म्हटलं. मी तिला सांगितलं की तू चौदा वर्षांची होतीस, ठरवायचं काम आमचं होतं, तुझ्याकडे त्यातलं काही येत नाही. ती मान हलवत राहिली, मोठ्या माणसाचं बोलणं संपायची वाट बघावी तशी.

मी म्हटलं, मी आईला सगळं सांगते. आजच जाते.

"नका," ती म्हणाली. "आईचा राग जीपवर हाय ते बरं हाय. माणसावर आला तर ती कुठं ठेवंल? आणि तुमचं सांगितलंत की माझंबी निघंल."

पुढे तिने शिक्षक म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी धरली. त्या शाळेतल्या एका बाईंशी माझी ओळख होती. त्या एकदा सहज म्हणाल्या, फार चांगली शिकवते, पण गॅदरिंगचं काम आलं की रजा टाकते.

वसतिगृहातून परतल्यावर दोन दिवसांनी मी सांगलीला ताईकडे गेले. स्पर्धा तोपर्यंत बंद पडली होती, बाहेरची मुलं यायची थांबली होती. ताईचं वय दिसायला लागलं होतं. कंबर धरली होती, काठी घेऊन चालायची. मी तिला मुलगी काय म्हणाली ते सगळं सांगितलं. मला काय हवं होतं तिच्याकडून, कोण जाणे. तिने रडावं असं कदाचित.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने दीर्घ श्वास सोडला आणि म्हणाली, "म्हणजे तिला कळलं होतं तर. मग दोषी काय ते आपणच नव्हतो."

मी उठले. त्यानंतर मी तिच्या घरी गेले नाही. ती गेली तेव्हाही नाही. पुढच्या जूनपासून वर्गही बंद केला. हॉल दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. पण ताईला मी दोष दिला तो तिने ते बोलून दाखवलं म्हणून. वसतिगृहाच्या त्या बाकावर, मुलगी म्हणाली की मलाही नाचायचं होतं, तेव्हा माझ्याही छातीवरचं ओझं क्षणभर हललं होतं. मी तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत, ते हलू दिलं होतं.